चौलला उतरलेला घोडा आणि सॉफ्टवेअरचा बाजार

रेवदंड्यात अफनासी निकितिन या रशियन प्रवाशाचे स्मारक आहे. त्वेर शहरातील हा व्यापारी १४६९च्या सुमारास शेजारच्या चौल बंदरात उतरला, तेव्हा त्याच्यासोबत विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. हिंदुस्थानात बाहेरून आलेल्या घोड्याला उत्तम भाव मिळतो, ही त्याची माहिती खरीच होती. मात्र त्या एका घोड्यापायी त्याचे शंभर रूबल खर्ची पडले. जुन्नरच्या खानाने घोडा ताब्यात घेतला. मध्यस्थी झाली म्हणून तो परत मिळाला. पुढे बिदरला विक्री होईपर्यंत त्याला पोसावे लागले ते वेगळेच. परत नेण्याजोगा मालही हाती लागेना. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रात चाच्यांचे भय, अशी तक्रार त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदवली आहे.

माल चांगला आणि मागणीही खरी, तरीही व्यवहार आतबट्ट्याचा, ही अवस्था आजच्या सॉफ्टवेअर उद्योजकाला अपरिचित नाही. ‘बिझनेस मॉडेल’ म्हणजे नेमका हाच हिशेब: पैसे कोण देणार, कशासाठी देणार, त्याच्यापर्यंत पोहोचायला किती खर्च येणार आणि तो पुन्हा येणार का. नवा उद्योग म्हणजे मोठ्या कंपनीची छोटी आवृत्ती नव्हे, तर असे प्रारूप शोधण्यासाठी उभारलेली तात्पुरती यंत्रणा होय, असे अमेरिकेतील स्टीव्ह ब्लँक सांगतात. सुरुवातीला हाती असतात ती केवळ गृहीतके. आणि ती कचेरीत बसून तपासता येत नाहीत.

पुण्याच्या ‘क्विक हील’ला ही तपासणी जणू आपसूकच घडली. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर आधी कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक संगणकांत व्हायरस शिरलेला असे. धाकटे बंधू संजय यांनी तो काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यांतून १९९५ मध्ये विक्रीयोग्य सॉफ्टवेअर तयार झाले. ग्राहकाला अडचण आहे का, हे विचारत फिरण्याची गरजच नव्हती. तो अडचण घेऊन, पैसे देण्याच्या तयारीने दुकानात आलेला होता. तरीही पुण्याबाहेर पाय रोवायला बराच काळ गेला. नाशिकची शाखा निघाली ती २००३ मध्ये. ठिकठिकाणचे संगणक विक्रेते आणि दुरुस्ती करणारे हेच या मालाचे विक्रेते बनले. सेक्वोया कॅपिटलचे साठ कोटी रुपये आले २०१० मध्ये, म्हणजे उत्पादनाला पंधरा वर्षे झाल्यावर.

आता पुन्हा रेवदंड्याकडे वळू. समजा, दोघा अभियंत्यांनी आक्षी, नागाव, रेवदंडा या पट्ट्यातील घरगुती निवासांसाठी खोल्यांच्या आरक्षणाचे सॉफ्टवेअर बनवायचे ठरवले. दरमहा ५०० रुपये वर्गणी, साठ घरे. म्हणजे महिन्याला ३० हजार. त्यात एका प्रोग्रामरचा पगारही निघणे कठीण. त्याहून गंभीर बाब घरमालकांशी बोलल्यावर ध्यानात येऊ शकते. शनिवार-रविवारी खोल्या तशाही भरतात. त्यासाठी वही आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरते. दुखणे आहे ते सोमवार ते गुरुवार रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचे. ‘कल्पना छान आहे’ हे उत्तर सौजन्याचे असते. ५०० रुपये आगाऊ मागून पाहिले की खरे उत्तर मिळते.

मग प्रारूप बदलते. वर्गणी नाही, आठवड्यातल्या आडवारी पाहुणा आणला तरच दहा टक्के दलाली. खोलीचे भाडे १,५०० रुपये धरले तर रात्रीमागे दीडशे मिळतात. मालक आनंदाने देईल. परंतु तो पाहुणा मिळवण्यासाठी जाहिरातीवर दोनशे रुपये गेले, तर दर आरक्षणामागे पन्नास रुपयांचा तोटा, आणि धंदा वाढेल तसा तोटाही वाढणार. पाहुणा पुन्हा आला तर हे गणित सावरू शकते. मात्र पहिल्या मुक्कामात त्याने मालकाचा फोन क्रमांक घेतलेला असतो. दुसऱ्या खेपेस तो मध्यस्थाला कशाला विचारील?

हे सारे जाणून घ्यायला सॉफ्टवेअर लिहिण्याचीही गरज नाही. पाच घरे, एक फोन आणि एक वही यांवर दोन-तीन महिने हे काम हाताने करून पाहता येते. किती आरक्षणे झाली तर पुढे जायचे आणि किती झाली नाहीत तर थांबायचे, हे आकडे मात्र आधीच लिहून ठेवावेत. नंतर ठरवले तर मन आपल्या सोयीचा आकडा शोधते. चाचणीचा हंगामही पाहिला पाहिजे. डिसेंबरात किनारा माणसांनी फुललेला असतो. त्या आकड्यांवर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्याने जुलैतल्या एखाद्या मंगळवारी रेवदंड्यात एक चक्कर टाकून यावी.