भिंतीवरील अक्षरे

सप्टेंबर १९९८ पासून इंग्लंडमधील बहुतेक प्राथमिक शाळांतून दररोज एक तास केवळ वाचन-लेखनासाठी राखून ठेवण्यात येऊ लागला. आरंभी साऱ्या वर्गाने एकच उतारा मिळून वाचावयाचा असे. लहानग्यांस मोठ्या अक्षरांचे भले थोरले पुस्तक पुरे. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांचे उतारे मात्र लांब आणि अक्षर बारीक. तेथे प्रक्षेपक उपयोगी पडला. पारदर्शक कागदावरील मजकूर भिंतीवर उमटे आणि शिक्षकास वर्गाकडे पाठ न करता लिहिता येई. ही सोय वाटते तितकी क्षुल्लक नव्हे!

पुढे संगणकाला जोडलेले, स्पर्शाने चालणारे फळे आले. याच वयाच्या वर्गांत न्यूकॅसल विद्यापीठाने त्यांची पाहणी केली. २००५ च्या अहवालाप्रमाणे पहिल्या वर्षी किंचित प्रगती दिसली. दुसऱ्या वर्षी ती टिकली नाही. पाठाची गती वाढली, गटांत बसून करावयाचे काम घटले.

यात नवल ते काय? तयार चित्र डोळ्यांपुढून सरकून जाते. लेखन खोडावे लागते. एखाद्या मुलाचेच वाक्य पडद्यावर घ्यावे, ते कोठे लंगडते हे सर्वांनी शोधावे, शब्द बदलून पुन्हा मोठ्याने वाचावे. मराठी घरांतील मुलांस याचा विशेष लाभ. मराठीत शेवटी येणारे क्रियापद इंग्रजीत कर्त्यालगत कसे जाऊन बसते, ते त्यांना डोळ्यांनी दिसते. मात्र वाक्याच्या धन्याची संमती आधी घ्यावी, आणि त्याचे नाव झाकावे.