टायरचा दिवा लागला? लगेच सेन्सर विकू नका

पनवेलमध्ये टायरचं दुकान टाकताय? कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागायच्या घाईत असलेलं गिऱ्हाईक डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दाखवेल. आधी दिवा नीट बघा. सलग पेटलेला असेल तर हवा कमी. गेज लावा, पंक्चर शोधा. टायर गरम असेल तर आकडा जास्तच दिसणार. बहुतेक गाड्यांत दिवा मिनिटभर लुकलुकून मग पेटून राहिला, तर बिघाड सिस्टिममध्ये.

बऱ्याच गाड्यांत टायरच्या आत सेन्सर नसतोच हो! एबीएस चाकांच्या फिरण्यावरून हवेचा अंदाज घेतं. तिथे हवा भरून रिसेट करायचं, बस. सेन्सर असेलच तर स्कॅनर लावा. बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते, संपली की बहुधा अख्खा सेन्सर बदलतात. तपासणीचे पैसे घ्या, पण आधी सांगून.