बसने चला समुद्राच्या गावी

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, यंदा कुठे जायचं? मुलांना समुद्र हवा असतो, आजी-आजोबांना देवदर्शन, आईला चार दिवस स्वयंपाकघरातून सुटका आणि बाबांना गाडी न चालवता खिडकीतून बाहेर बघायचं असतं. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आणखी एक इच्छा असते. इथेच जन्मलेल्या मुलांनी कोकण एकदा तरी डोळ्यांनी पाहावं.

या सगळ्यांचं एकत्र जमवणारा मार्ग म्हणजे ग्रुप टूर. एक बस, तीस-चाळीस माणसं, सोबत टूर मॅनेजर आणि आखलेला कार्यक्रम. मराठी घरांना ही पद्धत नवी नाही. १९८४ साली सुरू झालेली केसरी टूर्स आणि २०१३ मध्ये सुरू झालेली वीणा वर्ल्ड ही नावं तर आज घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. मात्र समुद्राकाठच्या आणि बेटावरच्या गावांची सहल ही डोंगरावरच्या किंवा शहरातल्या सहलीपेक्षा थोडी वेगळी असते. तिथे वेळापत्रक फक्त बसचं नसतं, समुद्राचंही असतं. हे लक्षात घेऊन बुकिंग केलं तर पैसे वसूल होतात, नाहीतर किल्ला किनाऱ्यावरूनच बघून परतावं लागतं.

कुठे जाता येईल?

मालवण-सिंधुदुर्ग : मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं. चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि काही कुटुंबं आजही किल्ल्यात राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे सागरी किल्लेही आहेत. जवळच तारकर्ली आणि देवबाग आहे, तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते.

मुरूड-जंजिरा : मुंबईहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. राजपुरीहून शिडाच्या होडीने सिद्दीच्या जंजिऱ्यावर जाता येतं. अनेक स्वाऱ्या होऊनही हा किल्ला कोणाला जिंकता आला नाही. आत गोड्या पाण्याचे तलाव आणि कलालबांगडी ही अजस्र तोफ आहे.

गणपतीपुळे-रत्नागिरी : पुळ्याचा गणपती, शेजारच्या मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक, रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं जन्मघर आणि ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याचा राजवाडा. सगळं एका-दोन दिवसांत होतं. आजी-आजोबांना सगळ्यात सोयीचा टप्पा हाच, कारण इथे होडीत चढ-उतार नाही.

दीव : गुजरातच्या टोकाशी असलेलं हे बेट पुलाने जोडलेलं असल्याने बस थेट गावात जाते. १५३५ मध्ये पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला, सेंट पॉल चर्च आणि नागवा किनारा पाहण्यासारखा आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोव्याबरोबरच दीवही मुक्त झालं. सोमनाथच्या यात्रेला जोडून ही सहल सहज होते.

रामेश्वरम : तीर्थयात्रा आणि बेट एकाच फेरीत. १९८८ पासून पांबनच्या रस्त्याच्या पुलावरून बस बेटावर जाते. शेजारीच एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा रेल्वे पूल दिसतो. त्याचा मधला भाग जहाजांना वाट देण्यासाठी सरळ वर उचलला जातो. पुढे धनुष्कोडीला १९६४ च्या डिसेंबरमधल्या वादळात उद्ध्वस्त झालेल्या गावाचे अवशेष आहेत.

भरती-ओहोटीचं गणित

टूरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, 'सकाळी ९ वाजता अलिबागचा कुलाबा किल्ला'. पण या किल्ल्यावर चालत जायचं तर ओहोटी हवी आणि ओहोटी रोज ९ वाजता येत नाही. ती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

कोकणात यासाठी एक सोपा हिशेब आहे. त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिचा पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या सुमारास भरती. चतुर्थीला ४ चा पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या आसपास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे ९ च्या सुमारास. अष्टमीला भरती ६ ला, तर ओहोटी दुपारी १२ ला. कालनिर्णय घरात असतंच, त्यामुळे मुलांनाही हा हिशेब करायला आवडेल. मात्र हा अंदाज आहे. पाण्यात उतरण्याआधी स्थानिक माणसाला विचारणं आवश्यकच आहे.

दुसरी गोष्ट मोसमाची. पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, जंजिरा आणि सिंधुदुर्गच्या प्रवासी होड्या बंद असतात. हिरवंगार कोकण बघायला पावसाळा उत्तम, पण तेव्हा 'किल्लादर्शन' म्हणजे लांबूनच नमस्कार. किल्ल्यात जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा.

पैसे भरण्याआधी हे विचारा

- बसमध्ये रोज किती तास जाणार आहेत? कोकणातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर दीडशे किलोमीटरलाही चार-पाच तास लागू शकतात. दिवसाला सहा तासांहून जास्त प्रवास असेल तर लहान मुलं आणि वयस्कर दोघंही कंटाळतात.
- होडीचं तिकीट, किल्ल्याचं प्रवेशशुल्क आणि गाईड पॅकेजमध्ये आहे की वेगळं?
- हवामानामुळे होडी बंद झाली तर काय? दुसरी जागा दाखवणार की पैसे परत देणार? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.
- बसमधल्या जागा रोज बदलतात का? मागच्या सीटवर धक्के जास्त बसतात. एकाच कुटुंबाला सगळे दिवस शेवटची रांग मिळू नये.
- हॉटेल किनाऱ्याजवळ आहे की महामार्गावर? लिफ्ट आहे का?
- दिल्लीहून येणाऱ्यांसाठी 'जॉइनिंग-लिव्हिंग'ची सोय आहे का? म्हणजे मुंबईला किंवा गोव्याला टूरमध्ये सामील व्हायचं आणि तिथूनच परत निघायचं.

दिल्लीकरांना हजरत निजामुद्दीनहून कोकण रेल्वेमार्गे जाणारी मंगला-लक्षद्वीप एक्स्प्रेस रत्नागिरीला उतरवते. विमानाने जायचं तर २०२३ मध्ये सुरू झालेलं गोव्यातलं मोपा विमानतळ सावंतवाडी-मालवणला जवळ पडतं.

सोसायटीतलेच तीस-चाळीस जण मिळून जाणार असाल तर महाराष्ट्रात एसटीची बस 'प्रासंगिक करारा'वर घेता येते. तेव्हा कार्यक्रम तुमचा तुम्ही ठरवता, पण हॉटेल, जेवण आणि होडीची जबाबदारीही तुमचीच असते.

आई-बाबांना नेताना

बरीच मुलं आई-वडिलांचं बुकिंग हौसेने करतात, पण कार्यक्रम त्यांच्या गुडघ्यांच्या हिशेबाने तपासत नाहीत. जंजिऱ्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकावं लागतं. सिंधुदुर्गच्या तटावर जायचं तर दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. आई-बाबांशी आधीच मोकळेपणाने बोला. 'तुम्हाला जमणार नाही' असं परस्पर ठरवू नका. कुठे किती चढायचं ते सांगा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. त्यांना किनाऱ्यावर थांबायचं असेल तर बसायला सावली, चहा आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे टूर मॅनेजरला विचारून ठेवा. बस निघायची घाई असल्यामुळे अनेक आजी प्रवासात पाणीच पीत नाहीत. दर दोन तासांनी थांबा हवा, हे मागणं अजिबात संकोचाचं नाही.

रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, बसच्या डिकीत नाही. घाटात मळमळणाऱ्यांनी पुढची जागा मागून घ्यावी, पोटभर खाऊन बसू नये आणि आवळासुपारी किंवा आलेपाक जवळ ठेवावा.

एकट्या जाणाऱ्या महिलांनाही ग्रुप टूरचा मोठा आधार वाटतो. फक्त खोली कोणाबरोबर मिळणार आणि वेगळी खोली हवी असल्यास जादा किती भरायचे, हे आधी स्पष्ट करून घ्या.

जीवापेक्षा कार्यक्रम मोठा नाही

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक जण दगावले.

या घटना घाबरवण्यासाठी सांगितलेल्या नाहीत. पण ग्रुपमध्ये असताना आपण नकळत म्हणतो, 'सगळे जातायत ना, मग काय होतंय!' नेमकं तिथेच चुकतं. होडीत बसल्यावर लाइफ जॅकेट मागा आणि पट्टे बांधून घ्या, नुसतं अंगावर अडकवू नका. मुलांना त्यांच्या मापाचं मिळालं नाही किंवा होडीत गर्दी जास्त वाटली तर पुढच्या होडीने जा. बस दहा मिनिटं थांबेल. ओहोटीच्या वेळी पोहायला उतरू नका, पाणी आत ओढतं. अनोळखी किनाऱ्यावर गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, हा नियम मुलांना निघण्याआधी घरीच सांगा.

गावाकडे बघा, फक्त फोटोकडे नाही

चाळीस जणांची बस लहान गावात शिरते तेव्हा गावावरही ताण येतो. इटलीतल्या व्हेनिसने तर २०२४ पासून गाईडबरोबरच्या ग्रुपला २५ जणांची मर्यादा घातली आणि लाउडस्पीकरवर बंदी आणली. आपल्याकडे असा नियम नसला तरी शहाणपण आपल्या हातात आहे. अरुंद गल्लीत रस्ता अडवू नका, बसमधला गाण्यांचा आवाज वस्तीत कमी करा आणि प्लास्टिकच्या बाटल्या बसमध्येच परत आणा.

बस थांबून फोटो काढून निघून गेली तर गावाच्या पदरी धूरच पडतो. म्हणून टूर मॅनेजरला सुचवा की एक तरी जेवण गावातल्या खानावळीत किंवा घरगुती ठिकाणी असू दे. गरम घावणे, सोलकढी, उकडीचे मोदक आणि ताजी मासळी चाखल्याशिवाय कोकण समजत नाही. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी मागा. कोकम, आगळ, कुळथाचं पीठ बचत गटांच्या बायकांकडून घ्या. सावंतवाडीला थांबा असेल तर मुलांसाठी लाकडी खेळणी घ्या.

आणि रोजच्या कार्यक्रमात एक तास असा मागून घ्या ज्यात काहीच 'पॉइंट' नसेल. नातवंडांनी वाळूत खड्डे खणावेत, आजीने पायावर लाट येऊ द्यावी, बाबांनी होड्या परतताना बघत बसावं. अशा एका तासासाठी जादा पैसे पडत नाहीत. बुकिंगच्या वेळी फक्त तेवढा मागायला हवा.