सातवा कप्पा नको, संवाद हवा

विद्यापीठीय संशोधन-संमेलनांच्या निमंत्रणपत्रिकांवर ‘आंतरविद्याशाखीय’ हे विशेषण आता सर्रास आढळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून त्या शब्दाला राजमान्यताही लाभली आहे. तथापि, शब्द रूढ झाला म्हणजे त्यामागील आचार रुजला, असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी २००६ पासून ‘आविष्कार’ हे संशोधन-संमेलन भरत आले आहे. लहान गावांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना त्याने व्यासपीठ दिले, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याची मांडणी झाली ती सहा गटांत: मानव्यविद्या, भाषा व ललित कला, वाणिज्य, व्यवस्थापन व विधी, मूलभूत विज्ञाने, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व औषधनिर्माणशास्त्र. स्पर्धेच्या सोयीसाठी असे गट आवश्यक असतीलही. परंतु परीक्षण गटवार, पारितोषिके गटवार, आणि श्रोतेही बहुधा गटातलेच, अशी व्यवस्था असेल तर एका छपराखाली जमूनही संशोधक परस्परांना अपरिचितच राहणार. ‘आंतरविद्याशाखीय’ नावाचा सातवा गट काढल्यानेही हा प्रश्न सुटणार नाही. कप्प्यांत आणखी एका कप्प्याची भर पडेल, एवढेच.

महाराष्ट्राच्या विद्यापरंपरेला हा विचार नवा नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि संख्याशास्त्राची बैठक असलेले वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील मानवमितीवर केलेले संयुक्त काम १९५१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन नाणी तराजूत तोलली आणि वापराने झालेल्या झिजेवरून त्यांचा कालानुक्रम लावला. या विद्वानांनी दुसऱ्या शास्त्राचे द्वार ठोठावले ते शोभेसाठी नव्हे. हाती घेतलेला प्रश्न एका शास्त्राच्या साधनांनी सुटेना, म्हणून.

मग आजचा विद्यार्थी असे का करीत नाही? दोष त्याच्या बुद्धीचा नाही, प्रोत्साहनांच्या रचनेचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांतून दोन निबंधवाचने करणे बंधनकारक होते. जेथे सक्तीने मागणी निर्माण होते, तेथे पुरवठाही तशाच प्रतीचा होतो. दहा मिनिटांचे वाचन, दोन औपचारिक प्रश्न आणि प्रमाणपत्र, एवढ्यावर अनेक परिषदा उरकू लागल्या. २०२२ च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. प्रमाणपत्राचे मोल उतरले, तर संवादाचे मोल वाढविण्याची ही संधी आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. स्वतःच्या विषयात पाय रोवण्यापूर्वीच विद्यार्थ्याला चार विषयांत फिरविले, तर तो कोठलाच राहणार नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच संमेलनाचा आरंभ विषयांच्या बेरजेतून न होता एखाद्या प्रश्नातून झाला पाहिजे. अवर्षणप्रवण भागातील ऊस हेच उदाहरण घ्या. पाण्याचा हिशेब भूजलतज्ज्ञाकडे, जमिनीच्या खारावण्याचा मृदाशास्त्रज्ञाकडे, दराचे गणित अर्थशास्त्राकडे, तोडणी मजुरांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न समाजशास्त्राकडे आणि त्यांच्या आरोग्याचा वैद्यकाकडे. प्रत्येकाने आपापले शास्त्र काटेकोरपणे चालवावे, मात्र निष्कर्ष इतरांसमोर, शक्यतो मराठीत, मांडावेत. परक्या शास्त्राच्या श्रोत्याला समजेल असे सांगताना परिभाषेचा आडोसा उरत नाही, आणि स्वतःच्या गृहीतकांतील कच्चे दुवे तेथेच उघडे पडतात.

यासाठी मोठा निधी लागत नाही. संमेलनाचा एक दिवस स्पर्धेवाचून ठेवावा, निबंध थोडे आणि चर्चा अधिक असावी, आणि प्रत्येक निबंधावरील पहिला प्रश्न दुसऱ्या विद्याशाखेच्या विद्यार्थ्याने विचारावा, असा दंडक घालावा. दुष्काळ विद्याशाखा पाहून पडत नाही. त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी त्या किती काळ पाहत बसावे?