‘राहू दे, मी करते’ म्हणण्याआधी...

खरं सांगा, सुट्टीत घरी गेल्यावर आजीच्या हातातली बादली काढून घेत ‘राहू दे, मी करते’ असं तुम्ही कितीदा म्हटलंय? मीही म्हणायचे. वर आपण किती गुणी, असं वाटून खूशही व्हायचे. मागच्या दिवाळीत मात्र माझ्या आत्याने मला गप्प केलं.

आत्या सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायात बळ नाही, काखेत कुबडी. मार्च 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं, त्यामुळे तुमच्या-माझ्या वर्गात असं कुणी सहसा दिसत नाही. पण आपल्या आत्या-काकांच्या पिढीत ही माणसं आहेत. आत्याच्या परसात 22 गावरान कोंबड्या आणि 2 कोंबडे. अंड्यांच्या पैशांवर तिचा रिचार्ज, औषधं आणि भिशी चालते. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा तिचा नियम.

गेल्या पावसाळ्यात पाण्याची बादली नेताना ती शेवाळावरून घसरली. मनगट मोडलं, तेही कुबडी धरायच्या हाताचं. घरात लगेच ठराव पास झाला, ‘बास आता, कोंबड्या विकून टाकू.’ दिवाळीत मी गेले तेव्हा प्लास्टर निघालं होतं, पण कोंबड्यांचं सगळं बाबा बघत होते. मी उत्साहाने चार्ज घेतला. खाद्य, पाणी, झाडलोट, अंडी, सगळं मीच. आत्या ओट्यावर बसून राहायची. चौथ्या दिवशी म्हणाली, ‘तू लई चांगलं करतीस गं. पर तू गेल्यावर काय? मला काम नको असं कोण म्हणालं? मला वाकाया येत नाही, एवढंच.’

एवढंच! मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काम करू दिलं आणि मी वही घेऊन शेजारी बसले. तासाभरात ती 19 वेळा वाकली. खुराड्याचं दार गुडघ्याएवढं, खाद्याचं घमेलं जमिनीवर, पाण्याचं भांडं जमिनीवर, अंडी पार आतल्या कोपऱ्यात. शिवाय हिशेब बघा. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते आणि पाणी त्याच्या दुप्पट पिते, उन्हाळ्यात आणखी जास्त. म्हणजे 24 पक्ष्यांसाठी रोज पाचेक लिटर पाणी, तेही एका हातात कुबडी असताना.

मग बाबा, गावातले वेल्डरकाका आणि मी कामाला लागलो. इंजिनीअर मात्र आत्याच!

खुराडं लोखंडी पायांवर कमरेएवढं उचललं. कोंबड्यांना चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी लावली. आता चढायचं कोंबडीने, वाकायचं कुणीच नाही. दाराला दोरी बांधून ती कप्पीवरून ओट्यापर्यंत आणली. ओढली की दार उघडतं. चार इंची पीव्हीसी पाइप उभा करून खाली एल्बो बसवला. आत्या वरून मगाने भरडा ओतते, खाली कोंबड्या खातात तसा तो सरकत जातो. वर झाकण हवंच, पाऊस गेला तर खाद्याला बुरशी. पाण्यासाठी स्टँडवर कॅन ठेवला. त्यात नळाची पाइप सोडली आणि खाली चोचीने दाबले की थेंब देणारे निपल बसवले. बादली कायमची बंद! अंड्यांच्या कप्प्याचा तळ जरासा उतरता ठेवला, त्यामुळे अंडं घरंगळत बाहेरच्या पन्हळीत येतं, आत्याच्या हाताशी.

पहिला प्रयोग फसलाही. उतार जास्त झाला आणि दोन अंडी फुटली. ‘अंडं हाय, गोटी न्हाई,’ आत्या म्हणाली. मग तळाशी जुनं पोतं अंथरलं आणि उतार कमी केला.

सगळंच सुटलं असं नाही. खुराड्याखालची विष्ठा ओढायला आजही माणूस लागतं. शेजारचा मुलगा दर रविवारी ते करतो आणि चार अंडी घेऊन जातो. ‘फुकट नगं,’ हे आत्याचं म्हणणं. रानीखेत रोगाची लस द्यायची असते तेव्हा कोंबड्या पकडायला मात्र ती रात्रीची वेळ निवडते. अंधारात त्या दांडीवर गप्प बसलेल्या असतात, पळापळ नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातली व्याख्या मी परीक्षेपुरती पाठ केली होती. शरीरातली उणीव समोरच्या अडथळ्यांना भिडते तेव्हा माणसाचा सहभाग अडतो, असा तिचा अर्थ. तो मला त्या परसात कळला. आम्ही वर्षभर आत्याच्या पायाबद्दल हळहळत होतो. दाराची उंची कुणी मोजलीच नव्हती.

तर पुढच्या सुट्टीत एक करून बघा. घरात गुडघेदुखीची आजी असेल, लकव्यातून उठलेले काका असतील, तर त्यांचं काम हिसकावू नका. आधी तासभर शेजारी बसा. कुठे वाकावं लागतं, काय उचलावं लागतं, कुठे पाय घसरतो, ते लिहून काढा. मग त्यांनाच विचारा, ‘हे कुठे हवं?’ चूल असो, गोठा असो नाहीतर न्हाणीघर, उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. आपण विचारलेलं नसतं.

परवा आत्याचा फोन आला. तब्येत विचारली तर म्हणाली, ‘ते राहू दे. खुडूक कोंबडीखाली 11 अंडी ठेवलीत, 21 दिवसांनी पिल्लं निघतील. खुराडं वाढवाया कधी येतीस?’

मी तिकीट काढलंय. जाताना मोजपट्टी घेऊन जाणार आहे.