सर्व्हिसिंगनंतर शॉकअप गळू लागला तर?

आपल्या समाजातील अनेकांची रोजी चारचाकीवर चालते. कोणी व्हॅनमधून कापड, फळे किंवा बेकरीचा माल पोहोचवतो, तर कोणी तीच व्हॅन आपल्या गॅरेजात दुरुस्त करतो. म्हणून हा विषय आम्ही दोन्ही बाजूंनी मांडत आहोत.

तक्रार नेहमीची असते. इंजिन ऑइल बदलायला गाडी दिली आणि दोन दिवसांनी चाकामागे तेल दिसले. मालक म्हणतो, मेस्त्रीने बिघडवली. मेस्त्री म्हणतो, मी शॉकअपला हातही लावला नाही. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात.

सर्वप्रथम तेल कुठले ते पाहावे. चाकाच्या आतील बाजूस ओल असेल, ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी उतरली असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर गळती ब्रेकची आहे. अशी गाडी जागेवरून हलवू नये. मेस्त्रीलाच तेथे बोलवावे.

शॉकअप म्हणजे तेल भरलेले बंद नळकांडे. गाडीचे वजन स्प्रिंग किंवा पाटे पेलतात. खड्ड्यानंतरचे उसळणे शॉकअप थांबवतो. त्याचा दांडा जेथून आत-बाहेर होतो, तेथे रबरी सील असते. ते झिजले की तेल बाहेर येते. नळकांड्यावर नुसता ओलसर धुरळा असेल तर घाबरू नये. तेल ओघळून खालपर्यंत आले असेल तर शॉकअप गेला असे समजावे.

सर्व्हिसिंगनंतरच हे का दिसते? एक, धुलाईत चिखल निघतो आणि त्याखाली दडलेली जुनी गळती उघडी पडते. दोन, लिफ्टवर चाके लोंबतात, दांडा पूर्ण बाहेर येतो आणि कडक झालेले सील तेवढ्याने सुटू शकते. तीन, शॉकअप खोलताना गुळगुळीत दांडा पकडीने धरला तर त्यावर ओरखडा उठतो आणि तो सील कापतो. या तिसऱ्या बाबतीत चूक गॅरेजची असते, भरपाईही त्यानेच द्यावी.

बंद शॉकअपमध्ये वरून तेल भरता येत नाही. कापून, तेल भरून, वेल्डिंग केलेले जुने शॉकअप स्वस्त पडतात, पण त्यांचा भरवसा नाही. एका अॅक्सलचे दोन्ही शॉकअप एकदम बदलावेत. टाळाटाळ केल्यास टायर ठिकठिकाणी झिजतात, खराब रस्त्यावर ब्रेक लांब लागतो आणि भरलेली गाडी वळणावर झोलते.

गिऱ्हाइकाने बिल घ्यावे, गळतीचा फोटो काढावा आणि दुसरीकडे खोलण्याआधी त्याच गॅरेजला दाखवावे. तपासाआधी आरोप करू नये; बदगुमानी आपल्याला मना आहे.

गॅरेजवाल्या बांधवांनी गाडी घेतानाच चारही शॉकअप पाहून कार्डावर नोंद करावी आणि गिऱ्हाइकाला दाखवावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. मेस्त्रीच्या धंद्यालाही हाच नियम लागू आहे. ओल आधीच दाखवली, तर नंतर भांडण उरत नाही आणि गिऱ्हाईकही टिकते.