रिमोटचा सेल ‘संपतो’ म्हणजे नेमकं काय?

गाडीच्या रिमोटचा सेल एका दिवसात मान टाकत नाही. रस्त्यापलीकडून उघडणारी गाडी आधी पाचसात पावलांवर येते, मग दाराला खेटून दोनदा बटण दाबावं लागतं. थंडीच्या पहाटे तर हमखास. कोणीतरी सेल काढून मल्टिमीटर लावतो, आकडा २.९ व्होल्ट दिसतो आणि निकाल लागतो : सेल ठणठणीत, रिमोटच गेलाय!

गंमत अशी की हा सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास राहतो. वयानुसार वाढत जातो तो त्याचा अंतर्गत रोध. मीटर लावल्यावर प्रवाह नावापुरताच वाहतो, त्यामुळे दुखणं उघडं पडत नाही. बटण दाबलं की मात्र क्षणभर काही मिलिअँपिअर लागतात, व्होल्टेज आतल्या आतच खाली येतं आणि ४३३ मेगाहर्ट्‌झचा संदेश क्षीण होतो. थंडीत सेलमधल्या आयनांची हालचाल मंदावते, म्हणून रोध आणखी वाढतो. चावी मुठीत धरून ऊब दिल्यावर एखाद्या वेळी गाडी उघडते, त्यामागे एवढंच.

बहुतेक रिमोटमध्ये सीआर२०३२ असतो. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, हे आकड्यातच आलं. सीआर२०२५ बसतो खरा, पण ०.७ मिलिमीटरने पातळ असल्याने पत्र्याला नीट टेकत नाही. घड्याळवाल्याकडे जाताना जुना सेल सोबत न्यावा, हे बरं. बदलण्याचं काम दोन मिनिटांचं : कडेच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटायचं, अधिकची खूण कुठल्या बाजूला होती ते पाहून ठेवायचं. नवा सेल धातूच्या चिमट्याने दोन्ही अंगांनी पकडला तर तो तिथेच शॉर्ट होतो. आतली रबरी कड जागेवर बसली नाही, तर पहिल्या पावसात कळतंच.

सेल काढला की चावी गाडीला विसरते, ही भीती सहसा निराधार असते. ओळखीचा कोड वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत असतो. तेव्हा सेल बदलून वर ‘कोडिंग’चे पैसे कोणी मागितले, तर आधी गाडीचं माहितीपुस्तक उघडावं.

त्याच पुस्तकात आणखी एक युक्ती असते. रिमोट पूर्ण बंद पडला तरी त्याच्या पोटात लपवलेल्या धातूच्या किल्लीने दार उघडतं. मग चावी स्टार्ट बटणाला किंवा पुस्तकात दाखवलेल्या जागी टेकवायची. तिथली कॉइल चावीतल्या चिमुकल्या चिपला चुंबकीय क्षेत्रातून वीज पुरवते, चिप आपली ओळख सांगते आणि इंजिन सुरू होतं. स्वतःचा सेल नसलेला फास्टॅगही टोलनाक्यावरच्या रीडरकडूनच ऊर्जा घेतो, फक्त तिथे रेडिओलहरी असतात. बटण असलेल्या स्मार्ट चावीला मात्र गाडीची १२५ किलोहर्ट्‌झची हाक सतत ऐकत बसावं लागतं. ती गाडीशेजारच्या भिंतीवर टांगून ठेवली, तर उगाच जागी होत राहते आणि सेल लवकर खाते.

काढलेल्या सेलमध्ये रिमोटला पुरेल इतका जोर नसतो, पण व्होल्टेज शिल्लक असतं. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर लाळेच्या ओलाव्यातून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूपाशी तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. त्यासाठी सेल फुटावा वा गळावा लागत नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं. जुन्या सेलच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यायचा. खिडकीच्या कट्ट्यावर किंवा पेनस्टँडमध्ये टाकायचा नाही.